उद्या टाकीतून किती पाणी जाईल? एआयने पाण्याच्या मागणीचा अंदाज कसा काढायचा, अगदी पहिल्यापासून

नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागातले नवीन ज्युनिअर इंजिनिअर, मोठ्या सोसायटीचं पाणी बघणारी मंडळी, ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर येणारा एखादा सदस्य, अशांसाठी हे लिहितेय. कोडिंग येत नसेल तरी चालेल, एक्सेल मात्र यायला हवं, आणि आपल्या टाकीची, लाईनची, व्हॉल्वची खडानखडा माहिती हवी. ती नसेल तर आधी आठवडाभर व्हॉल्वमनबरोबर फिरा, मग कॉम्प्युटरसमोर बसा.

आपल्याला करायचंय काय, तर शहरातली एक उंच टाकी घ्यायची आणि तिच्यातून पुढच्या २४ तासांत दर तासाला किती पाणी बाहेर जाईल याचा अंदाज काढायचा. पूर्ण शहर नको, पाच वर्षं नको, एकच टाकी आणि उद्याचा दिवस. वीस-तीस वर्षांनी लोकसंख्या किती असेल, नवीन योजना किती एमएलडीची (म्हणजे रोज किती दशलक्ष लिटरची) करायची, तो हिशोब वेगळा, तो लोकसंख्या आणि दरडोई निकषावर होतो (भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर, जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागाला ५५ लिटर). ५० हजार वस्तीला १३५ ने गुणलं की ६७.५ लाख लिटर, म्हणजे ६.७५ एमएलडी येतात, गळती त्यावर वेगळी. हा आकडा पाईप आणि पंप डिझाईन करायला बरोबर आहे, पण दिवाळीच्या पहाटे पाच वाजता टाकीची लेव्हल किती असेल हे तो सांगू शकत नाही, आणि पंप ऑपरेटरला नेमकं तेच हवं असतं.

पायरी १ : अंदाज मिळाल्यावर कोण काय बदलणार ते आधी ठरवा

हे लिहून काढा, खरंच कागदावर लिहा. उदाहरणार्थ, "रात्री ११ ला ऑपरेटर ठरवतो की दोन पंप चालवायचे की एक, तो निर्णय आपण संध्याकाळी ६ ला अंदाज देऊन करायचा." असं एखादं वाक्य लिहिता येत नसेल तर अंदाज काढून उपयोग नाही, तो फाईलमध्ये पडून राहतो. या एका वाक्यातून पुढचं सगळं ठरतं, म्हणजे अंदाज किती वाजता काढायचा, किती तासांचा काढायचा, चूक झाली तर कुणाला त्रास होणार. पंपिंगचं वीजबिल हा पाणीपुरवठ्यातला सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक असतो आणि टीओडी (टाइम ऑफ डे, वेळेनुसार वेगळा दर लावणारा) मीटर असेल तर दिवसाच्या कोणत्या तासाला वीज स्वस्त आहे त्यावर बिल हलतं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी पहिला उपयोग इथेच निघतो. टीओडीचे स्लॉट मधूनमधून बदलतात, म्हणून चालू बिल काढून बघा, जुन्या माहितीवर जाऊ नका.

पायरी २ : तुमचा मीटर मागणी मोजतोय की पुरवठा?

इथे नीट थांबा, कारण आपल्याकडच्या कामात सगळ्यात जास्त गफलत इथेच होते आणि परदेशी ट्युटोरियलमध्ये हा विषय सहसा नसतो. २०२४ मध्ये इटलीतल्या फेरारा इथे पाण्याच्या मागणीचा अंदाज काढायची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, उत्तर-पूर्व इटलीतल्या एका शहराचे १० झोन (स्वतंत्र मीटर असलेले भाग) दिले होते आणि दर तासाचा पुढच्या एका आठवड्याचा अंदाज मागितला होता. तिथे नळाला चोवीस तास पाणी, म्हणजे माणसाने नळ उघडला तेवढं पाणी गेलं, झोनच्या मीटरचा आकडा म्हणजे तिथली मागणीच (गळती धरून). आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी दिवसातून दोन तास, कुठे दिवसाआड, कुठे आठ दिवसांनी सुटतं. मग मीटरवर जे दिसतं ते लोकांना किती हवं होतं ते नाही, आपण किती दिलं ते.

हा फरक न बघता डेटा मॉडेलला (मागच्या आकड्यांवरून शिकून अंदाज काढणाऱ्या प्रोग्रामला) दिला तर मॉडेल काय शिकतं, तर व्हॉल्वमनचं वेळापत्रक. ते अगदी सुंदर शिकतं, चूक दोन-तीन टक्क्यांवर येते, सगळे खूष होतात, पण मंगळवारी सहा ते आठ पाणी सोडतात हे आपल्याला आधीच माहीत होतं ना! लातूरचा विचार करा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. त्या काळातले आकडे कुणी मॉडेलला तसेच दिले तर मॉडेल म्हणेल की लातूरला एप्रिलमध्ये फार थोडं पाणी लागतं. आकडा खरा असेल, पण त्याचा अर्थ पूर्ण उलटा आहे.

यात अन्यायाचा भागही आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. लाईनच्या शेवटच्या टोकाला, चढावर, झोपडपट्टीत आधीपासून पाणी कमी पोचतं, म्हणून तिथले आकडे कमी, म्हणून मॉडेल म्हणतं तिथली मागणी कमी, आणि मग त्या अंदाजावरून तिथे आणखी कमी पाणी सोडलं जातं. आता त्यावर कॉम्प्युटरचा शिक्का असतो त्यामुळे भांडायलाही अवघड. तेव्हा पहिल्या दिवसापासून हे डोक्यात ठेवा.

मग ओळखायचं कसं? तीन गोष्टी तपासा. पहिली, पाणी बंद करायच्या पाच-दहा मिनिटं आधी फ्लो किती आहे. तो सुरुवातीइतकाच असेल तर लोकांचं भरून झालेलं नाही, मागणी अजून बाकी आहे. हळूहळू उतरून अगदी कमी झाला असेल तर बहुतेकांचं भरून झालं, तो दिवस मागणीच्या जवळचा धरायला हरकत नाही. दुसरी, टाकीची लेव्हल तळाला लागली का, लागली असेल तर त्यानंतरचा कमी फ्लो म्हणजे पाणी संपलं, गरज संपली नाही. तिसरी, त्या भागात टँकर किती जातात आणि तक्रारी किती येतात, टँकरचं रजिस्टर असेल तर ते आणा.

अशा तासांना डेटामध्ये वेगळी खूण करा, एक कॉलम घाला, "पाणी कमी पडलं : हो/नाही". जिथे "हो" आहे तिथला आकडा म्हणजे "निदान एवढं तरी हवं होतं" असा वाचायचा, त्याला मागणी म्हणून मॉडेल शिकवायचं नाही. शक्य असेल तर एखाद्या छोट्या झोनमध्ये थोडे दिवस पाणी जास्त वेळ सुरू ठेवून बघा, फ्लो आपोआप कुठे उतरतो ते कळतं, याच्याइतका चांगला डेटा दुसरा नाही. पण पहिल्या एक-दोन दिवसांचे आकडे सोडून द्या, कारण लोक सवयीने हंडे, पिंप, टाक्या सगळं भरून घेतात. पाणी येणारच आहे असा भरवसा बसला की साठवण कमी होते आणि फ्लोचं चित्र बदलतं. कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि टप्प्याटप्प्याचे दर लावून चोवीस तास पाणी करून दाखवलं, नागपुरातही आधी धरमपेठ झोनमध्ये करून मग काम शहरभर नेलं. अशा झोनचा डेटा मिळाला तर तिथे सरळ मागणीचा अंदाज काढता येतो.

तुमच्याकडे रोटेशनच (आळीपाळीने, ठरलेल्या वेळीच पाणी) असेल तरी निराश व्हायचं कारण नाही. फक्त प्रश्न बदला : "सहा ते आठ पाणी सोडलं तर टाकीतून किती जाईल आणि टाकी पुरेल का?" हाही कामाचाच अंदाज आहे, फक्त त्याला "पुरवठ्याचा अंदाज" असं नाव द्या. रिपोर्टवर मागणी असं लिहू नका.

पायरी ३ : आकडे गोळा करा आणि साफ करा

निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो, जाऊ द्या. निदान एक वर्षाचा दर तासाचा डेटा पाहिजे, दोन वर्षांचा असेल तर उत्तम, कारण एकाच वर्षात एकच उन्हाळा असतो. स्काडा (पंप, टाकी, मीटरचे आकडे कॉम्प्युटरवर आपोआप नोंदवणारी यंत्रणा) असेल तर सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी आकड्यांची फाईल) काढून घ्या, नसेल तर ऑपरेटरच्या लॉगबुकचे फोटो काढून एक्सेलमध्ये टाईप करून घ्या. आजकाल चॅटबॉटला फोटो दिला की टेबल करून देतो, पण हाताने लिहिलेल्या मराठी आकड्यांत १ आणि ९ची, ५ आणि ४ची अदलाबदल होऊ शकते, म्हणून प्रत्येक पानाची बेरीज ताडून बघायचीच.

टाकीच्या आउटलेटला मीटर नसेल तरी अडत नाही, लेव्हलवरून काढता येतं. बाहेर गेलेलं पाणी म्हणजे आत आलेलं पाणी अधिक टाकीत जेवढं कमी झालं ते. गोल टाकीचा आतला व्यास १२ मीटर असेल तर क्षेत्रफळ साधारण ११३ चौरस मीटर, म्हणजे लेव्हल १ सेंटिमीटर उतरली की १,१३० लिटर गेले. तासाभरात लेव्हल ५० सेंटिमीटर उतरली आणि त्याच तासात आत ८० घनमीटर आलं, तर बाहेर गेलं ८० अधिक ५६.५, म्हणजे १३६.५ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, एक एमएलडी म्हणजे रोज १० लाख लिटर. युनिटची सरमिसळ हमखास होते, जुना मीटर लिटरमध्ये आणि नवा घनमीटरमध्ये असतो, तेव्हा सगळं घनमीटरमध्ये आणूनच पुढे जा. टाकी ओव्हरफ्लो झालेले तास मात्र वेगळे काढा, ते पाणी लोकांनी वापरलेलं नाही.

साफ करताना काय काय बघायचं :

- मीटरवर दोन आकडे असतात, त्या क्षणाचा फ्लो आणि आजवरची एकूण बेरीज. शक्यतो एकूण बेरजेचा फरक घ्या, तो जास्त भरवशाचा.
- एकच आकडा तासन्‌तास तसाच आला तर मीटर किंवा सिग्नल अडकलाय.
- डेटा नाही म्हणजे शून्य नाही. रिकामी जागा रिकामीच ठेवा, शून्य भरलं की मॉडेल समजतं त्या वेळी कुणी पाणीच वापरलं नाही.
- पाईप अर्धाच भरून वाहत असेल तर इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर चुकीचं दाखवतो, उतारावरच्या ग्रॅव्हिटी लाईनवर हे तपासाच.
- पंपाचे तास गुणिले पंपाच्या पाटीवर लिहिलेला डिस्चार्ज (तासाला किती पाणी देतो ते), असा हिशोब बऱ्याच ठिकाणी चालतो. पंप जुना झाला की तो तेवढं पाणी देत नाही, त्यामुळे हा आकडा बहुतेक वेळा फुगलेला असतो.
- पाईप फुटला ते दिवस, शटडाऊनचे दिवस, लाईट गेलेले तास, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं म्हणून फिल्टर प्लांट कमी क्षमतेने चालवला ते दिवस, हे सगळं एका कॉलममध्ये लिहा.

शेवटचा मुद्दा फक्त माणूसच करू शकतो. आकड्यांत नुसती घसरण दिसते, ती का झाली हे जुन्या ऑपरेटरला आठवत असतं. त्यांच्यासोबत चहा घेत वर्षभराचा ग्राफ दाखवा आणि प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक उंचवट्याला कारण विचारत जा, एका दुपारी जे कळेल ते कुठल्याच सॉफ्टवेअरने कळणार नाही. आणि २०२० चा डेटा वापरणार असाल तर लॉकडाऊनचे महिने वेगळे ठेवा, तेव्हा कॉलेज, हॉटेल, बाजारपेठेचे झोन बंद होते आणि घरांमधली वापराची वेळच सरकली होती.

पायरी ४ : पाणी कशामुळे कमी-जास्त लागतं ते मॉडेलला सांगा

मॉडेलला फक्त मागचे आकडे दिले तरी ते बरंच शिकतं, पण त्याच्या जोडीला कॉलम द्यायचे. दिवसातला तास, वार, महिना. मागच्या आठवड्यात याच वारी याच तासाला किती गेलं होतं. मागच्या सात दिवसांची सरासरी. कमाल तापमान, पाऊस (हवामान खात्याच्या जवळच्या केंद्राचा डेटा, नाहीतर ओपन-मेटिओ किंवा नासा पॉवर यांच्याकडून फुकट मिळतो). काल शटडाऊन होता का, कारण शटडाऊननंतरच्या दिवशी सगळे रिकामं झालेलं भरतात आणि फ्लो एकदम उसळतो.

आता आपल्या इथली खासियत, आणि इथे तुम्ही कुठल्याही बाहेरच्या कंपनीपेक्षा पुढे आहात. आपले सण तिथीने येतात, इंग्रजी तारखेने नाही, आणि अधिक महिना आला की पुढचे सण आणखी सरकतात. मॉडेलला "१२ नोव्हेंबर" सांगून काही कळत नाही, त्याला "नरक चतुर्दशी" सांगायला लागतं. त्या दिवशी अभ्यंगस्नानामुळे सकाळचा जोर पहाटेच सुरू होतो. नवरात्राच्या आधी घरोघरी गोधड्या, चादरी, पडदे धुवायला निघतात, गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरतं, मे महिन्यात शहरातली माणसं गावी जातात म्हणजे एका टाकीची मागणी उतरते आणि दुसरीची चढते. कॅलेंडर घेऊन बसा आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या या सगळ्या तारखा एका शीटमध्ये भरा, पुढच्या वर्षाच्याही भरा.

काही गोष्टी मात्र मॉडेलवर सोडूच नका. पंढरपूरची आषाढी एकादशी वर्षातून एकदा येते, लाखो वारकरी येतात, तुमच्याकडे दोन वर्षांचा डेटा असेल तर मॉडेलने ती फक्त दोनदा बघितलीय, त्यावरून ते काय शिकणार? अशा दिवशी हाताने, मागच्या अनुभवावरून आणि येणाऱ्या माणसांच्या हिशोबावरून नियोजन करायचं, मॉडेलचा अंदाज बाजूला ठेवायचा. पालखी मुक्कामाच्या गावांनाही हेच लागू.

तापमानाचंही सगळीकडे सारखं नसतं. विदर्भात पारा चढला की घरोघरी कूलर लागतात आणि कूलरला दिवसभर पाणी लागतं, कोकणात त्याच महिन्यात तसं होत नाही. शिवाय उन्हाळ्यात बोअर आणि विहिरी आटल्या की इतके दिवस स्वतःच्या पाण्यावर असलेली घरं, सोसायट्या नळाकडे वळतात, ही वाढ तापमानातून दिसत नाही. म्हणून जवळच्या विहिरींची पातळी मिळाली तर घ्या, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी मोजते, आणि काहीच नाही मिळालं तर "परिसरातले बोअर आटले : हो/नाही" एवढा कॉलम व्हॉल्वमनला विचारून भरला तरी चालतो.

पायरी ५ : आधी बिनएआयचा अंदाज काढा

ही पायरी गाळू नका. मागच्या आठवड्यात याच वारी, याच तासाला जेवढं पाणी गेलं तेवढंच उद्या जाईल, बस, हा पहिला अंदाज. एक्सेलमध्ये एका सूत्रात होतो. दुसरा, मागच्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराच्या त्याच तासाची सरासरी. प्रत्येक तासाची चूक काढा, वजाचं चिन्ह सोडून द्या, सरासरी काढा. समजा ती ताशी ९ घनमीटर आली. आता एआय मॉडेलची चूक ८.८ आली तर एवढा खटाटोप करायची गरज नव्हती, ५ आली तर होती. पुष्कळ छोट्या गावांत हा साधा अंदाजच पुरतो आणि तसं असेल तर तोच वापरा, वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. कुणी कंपनी प्रेझेंटेशन द्यायला आली तरी पहिला प्रश्न हाच विचारा की मागच्या आठवड्याचा आकडा तसाच उचलला असता तर चूक किती आली असती.

पायरी ६ : मॉडेल

चॅटबॉटला "आमच्या गावाला उद्या किती पाणी लागेल" असं थेट विचारू नका, तो काहीतरी आकडा देईल आणि तो कुठून आला हे कुणालाच सांगता येणार नाही. चॅटबॉटकडून कोड लिहून घ्यायचा, अंदाज त्या कोडमधलं मॉडेल काढेल. कोड चालवायला गुगल कोलॅब वापरा, ते ब्राउझरमध्ये फुकट चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

सुरुवातीला लाइटजीबीएम नाहीतर एक्सजीबूस्ट घ्या. ही निर्णयवृक्षांची मॉडेल्स, एकामागून एक झाड तयार होतं आणि प्रत्येक नवीन झाड आधीची राहिलेली चूक सुधारायला बघतं. थोड्या डेटावर चालतात, साध्या लॅपटॉपवर थोड्या वेळात शिकतात, मध्येमध्ये रिकाम्या जागा असल्या तरी चालतं, आणि कोणत्या कॉलमचा किती उपयोग झाला ते सांगतात. एलएसटीएमसारखी न्यूरल नेटवर्क्स नावाने भारी वाटतात पण एका टाकीच्या एका वर्षाच्या डेटासाठी नवख्याने त्यात शिरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अलीकडे अॅमेझॉनचं क्रोनोस, गुगलचं टाइम्सएफएम अशी आधीच शिकवून ठेवलेली मॉडेल्स आली आहेत, ती नंतर करून बघा, पायरी ५च्या अंदाजाशी तुलना करूनच.

चॅटबॉटला असं काहीतरी लिहा :

"माझ्याकडे सीएसव्ही फाईल आहे. कॉलम : तारीख-वेळ, तासाला बाहेर गेलेलं पाणी घनमीटरमध्ये, कमाल तापमान, पाऊस, सण, शटडाऊन, पाणी कमी पडलं का. मला रोज संध्याकाळी ६ वाजता आज रात्री १२ ते उद्या रात्री १२ या २४ तासांचा अंदाज हवा. पायथनमध्ये लाइटजीबीएम वापरून कोड दे. संध्याकाळी ६ ला जी माहिती हातात नसते ती वापरू नकोस. 'पाणी कमी पडलं' असे तास शिकवताना वगळ. चाचणीसाठी शेवटचे तीन महिने बाजूला ठेव. मागच्या आठवड्याच्या त्याच तासाच्या आकड्याशी तुलना दाखव. प्रत्येक ओळीचं मराठीत स्पष्टीकरण दे."

यातलं "संध्याकाळी ६ ला जी माहिती हातात नसते" हे वाक्य का घातलं ते बघा. उद्या रात्री ८ चा अंदाज काढताना "एक दिवस आधीचा तोच तास" म्हणजे आज रात्रीचे ८, आणि आत्ता तर सहाच वाजलेत! जुन्या डेटात तो आकडा असतो म्हणून चाचणीत मॉडेल त्याचा वापर करून हुशार दिसतं आणि प्रत्यक्षात आल्यावर त्याला तो मिळतच नाही. अशा तासांना दोन दिवस आधीचा आकडा द्यायचा. तापमानाचंही तसंच, उद्याचं खरं तापमान आज माहीत नसतं, हवामानाचा अंदाजच वापरता येतो, म्हणून चाचणीही जमेल तितकी अंदाजित तापमानावर करा.

पायरी ७ : चाचणी

जुन्यावर शिकवायचं, नव्यावर तपासायचं, मधलेच दिवस कुठूनही उचलून चाचणीला घ्यायचे नाहीत. बरेच तयार कोड डेटा पिसून वाटतात, मग मॉडेलला १० तारीख आणि १२ तारीख माहीत असते आणि ११ चा अंदाज विचारला जातो, ते सोपंच आहे. शेवटचे तीन महिने म्हणजे फक्त पावसाळा असं होत असेल तर उन्हाळ्यातले काही आठवडेही त्याच पद्धतीने तपासा, म्हणजे त्या आठवड्याच्या आधीपर्यंतचाच डेटा देऊन.

टक्क्यातली चूक एकटी बघू नका. रात्री तीनला ५ घनमीटर जातात तिथे ५ ची चूक म्हणजे शंभर टक्के आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही, सकाळी सातला १४० घनमीटरला १० टक्के चूक म्हणजे १४ घनमीटर आणि टाकी छोटी असेल तर वरच्या गल्लीतली घरं कोरडी. म्हणून चूक घनमीटरमध्ये बघा, सकाळच्या गर्दीच्या तासांची वेगळी काढा, आणि मॉडेल सारखं एकाच बाजूला चुकतंय का, म्हणजे नेहमी कमीच सांगतंय का, तेही बघा.

पायरी ८ : एक आकडा नको, पल्ला द्या

ऑपरेटरला "उद्या सकाळी ६ ते ९ : ३८० घनमीटर" असं सांगण्यापेक्षा "बहुतेक ३८०, पण दहातल्या एखाद्या दिवशी ४३० च्या वर जाऊ शकतं" असं सांगितलं तर तो ४३० धरून टाकी भरतो. लाइटजीबीएममध्ये याची सोय आहे, चॅटबॉटला "क्वांटाइल ०.५ आणि ०.९ दोन्ही काढून दे" म्हणा (०.५ म्हणजे अगदी मधला आकडा, ०.९ म्हणजे दहातल्या नऊ वेळा ज्याच्या आत राहील तो). अंदाज जास्त निघाला तर थोडी वीज वाया जाते, कमी निघाला तर लोकांना पाणी मिळत नाही, या दोन चुका सारख्या नाहीत आणि आपण कुठल्या बाजूला झुकायचं ते उघड आहे. टाकीत आगीसाठीचा आणि लाईट गेली तर लागणारा साठा वेगळा ठेवायचा, त्याला अंदाजाचा हात लावू द्यायचा नाही.

पायरी ९ : रोजच्या कामात आणा

पहिला महिनाभर फक्त समांतर चालवा. अंदाज काढायचा, व्हॉट्सअॅपवर टाकायचा, पण पंप नेहमीसारखेच. ऑपरेटरला रोज विचारा, "तुम्हाला काय वाटतं?" आणि त्यांचा आकडाही लिहून ठेवा. महिन्याने दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की कुठे मॉडेल बरं आणि कुठे माणूस बरा ते कळतं, आणि ऑपरेटरचा विश्वासही बसतो. त्यांना अंदाज डावलायचा अधिकार कायम द्या, फक्त डावलला तर का ते एका ओळीत लिहायचं, "लग्नाचे मुहूर्त आहेत", "शेजारच्या झोनचा व्हॉल्व उघडा आहे" असं. हीच कारणं पुढच्या वेळी नवे कॉलम होतात.

अंदाजाचा दुसरा उपयोग गळती शोधायला. चोवीस तासांच्या झोनमध्ये रात्री २ ते ४ वापर सगळ्यात कमी असतो, त्या वेळचा फ्लो अंदाजापेक्षा सलग काही रात्री वर राहिला तर कुठेतरी पाईप फुटलाय किंवा नवीन बेकायदा कनेक्शन आलंय. मात्र ज्या भागात लोक रात्री गच्चीवरच्या टाक्या भरतात तिथे रात्रीचा फ्लो म्हणजे सगळी गळती असं म्हणू नका, आणि रोटेशनच्या गावात हा मार्ग जवळजवळ चालतच नाही.

पायरी १० : सांभाळत राहा

दर महिन्याला नवीन डेटा घालून पुन्हा शिकवा. नवीन ले-आउट पडला, मोठी इमारत जोडली गेली, झोनची हद्द बदलली, रोटेशन बदललं, तर जुनं शिकलेलं बरंचसं फुकट जातं, अशा वेळी काही आठवडे पायरी ५चा साधा अंदाजच वापरा. दर आठवड्याची चूक एका ग्राफवर काढत राहा, ती चढायला लागली तर आधी मीटर तपासा, मग मॉडेल.

घरगुती मीटरचे आकडे असतील तर जपून. कोणत्या घरात किती दिवस पाणी वापरलं गेलं नाही यावरून घर बंद आहे हे कुणालाही कळतं. ग्राहक क्रमांक, नाव, पत्ता काढून टाकून, झोनची बेरीज करूनच आकडे बाहेर द्या, आणि फुकटच्या चॅटबॉटवर ग्राहकांची यादी चढवायची नाही, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे करायचं नाही.

आणि शेवटच्या टोकाला दोन-तीन ठिकाणी प्रेशर मोजायची सोय करा, लॉगर (आपोआप नोंद ठेवणारं यंत्र) परवडत नसेल तर साधा गेज लावून पाणी सुटल्यावर व्हॉल्वमनने आकडा लिहिला तरी पुरे. टाकीचा अंदाज बरोबर येतोय पण टोकाला प्रेशर नाही असं दिसलं तर तिथल्या नोंदींना पायरी २ मधली "पाणी कमी पडलं" ही खूण लावा आणि मॉडेल पुन्हा शिकवा.